डाकेच्या विमानाची आणेवारी

माझ्या दुकानाच्या दाराला एक पाटी टांगलेली होती. दगडी पाटी, लाकडी चौकटीची, शाळेतली असते तशी. तिच्यावर दुकानाचं नाव नव्हतं, दर नव्हते, 'उधार बंद'ही नव्हतं. खडूनं एवढंच लिहिलेलं असायचं: 'भाग १, चौदा आणे. भाग २, दहा आणे. भाग ३, सात आणे. टंचाईसदृश परिस्थिती.' खाली सही आणि तारीख.

भोरच्या एसटी स्टँडकडून येणारा नवखा माणूस ती पाटी वाचून थबकायचा. एकानं आत डोकावून विचारलं होतं, "हितं पिकाचं काय हापिस हाय का?"

"नाही. व्हिडिओ गेमचं दुकान आहे."

"मग टंचाई कशाची?"

याचं उत्तर द्यायचं तर आधी माझ्या घरमालकांची ओळख करून द्यावी लागली असती, आणि तेवढा वेळ रस्त्यावरच्या माणसाजवळ नसतो. आता माझ्याजवळ आहे.

घरमालक निवृत्त तलाठी होते. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. वर ती दोघं राहायची, खालचा गाळा माझ्याकडं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आणि आणखी एक-दोन ठिकाणी त्यांची नोकरी झाली होती. बत्तीस वर्षं. त्या बत्तीस वर्षांतलं त्यांचं आवडतं काम एकच, आणेवारी. म्हणजे पीक उभं असताना शेतात जायचं, बघायचं, आणि ठरवायचं की यंदा सोळा आण्यांपैकी किती आणे पिकलं. आकडा आठ आण्यांच्या खाली गेला तर गावाला टंचाई लागते, सवलती मिळतात. वर राहिला तर काही मिळत नाही. एका आकड्यावर एका गावाचं वर्ष जातं. सरकार पुढं आणे सोडून पैशांवर आलं. भाऊसाहेब आण्यांवरच राहिले.

"बत्तीस वर्षांत एकच आकडा चुकला," असं ते म्हणायचे. कुठला, ते सांगत नसत. विचारलं की चष्मा काढून पुसायला घ्यायचे. चष्मा पुसून काही उपयोग नव्हता. डाग काचेवर नव्हता, डोळ्यांत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "अजून दिसतंय."

"काय दिसतंय?" चाची वरून विचारायच्या. "काल मीठ म्हणून साखर घातली कालवणात. दिसतंय म्हणे."

"ते नजरचुकीनं झालं."

"मग मी दुसरं काय म्हणतीय?"

आता माझं सांगतो. मी बी.कॉम. आहे. आम्ही पालीचे, राजगडाच्या पायथ्याचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या वर कुणी गेलेलं नव्हतं. पदवीचं प्रमाणपत्र मी काचेच्या फ्रेममध्ये घालून दुकानात लावलं होतं आणि त्याच्याखाली चार कॉम्प्युटर मांडले होते. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. भोरात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेत काचेपलीकडं दिसायचा तेवढाच. आबा, माझे वडील, पहिल्यांदा दुकान बघायला आले तेव्हा फ्रेमकडं बघितलं, खाली पोरांकडं बघितलं आणि म्हणाले, "वर शिक्षाण, खाली खेळ." मग चहा घेऊन दुपारच्या एसटीनं परत गेले. ते वाक्य माझ्या डोक्यातून काही गेलं नाही.

भाऊसाहेब पहिल्यांदा खाली आले ते माझी तक्रार घेऊन. लेखी. 'समज देण्यात येते की, आपल्या गाळ्यातून येणाऱ्या आवाजाने वरील रहिवाशांस उपद्रव होत असून,' असं काहीतरी. कागद माझ्या हातात द्यायला येताना ते एका पोराच्या पाठीशी आले आणि तिथंच थांबले.

त्या काळात इंग्रजी सिनेमांची एक मालिका जोरात होती. हिंदीत डब होऊन आपल्याकडं यायची. डोंगराळ मुलखात डाकेचं विमान चालवणारा एक वैमानिक, त्याच्या मागावर लुटारू. पोरं त्याला नुसतं 'डाकवाला' म्हणायची. सिनेमा आला की पाठोपाठ त्याचा गेम यायचा. असे चार सिनेमे आले आणि चार गेम आले. त्यातला पहिला गेम तो पोरगा खेळत होता. विमान एका खोऱ्यावरून जायचं. खाली नदी, चढत गेलेली खाचरं, मधूनमधून घरं. घरासमोर डाकेची पिशवी टाकली की दार उघडायचं, एक माणूस पायऱ्या उतरून अंगणात यायचा आणि हात वर करायचा. मग पुढचं घर. मधेमधे लुटारूंची विमानं. पोरांना सगळी गोडी लुटारूंत. पिशव्या त्यांना टाकाव्या लागत म्हणून टाकत.

भाऊसाहेब वाकून वाकून बघत होते. मग म्हणाले, "ही जमीन कुणी आखली?"

"म्हणजे?"

"बांध बराबर उताराला आडवं हायेत. पाणी कुठनं येतंय, कुठं जातंय, कळतंय. ज्यानं आखलं तो शेतात उतरलेला माणूस हाय."

त्यांनी नोटीस घडी घालून परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते खेळायला आले.

तेव्हापासून रोज अकरा. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर अडीच. चपला बाहेर, छत्री दाराला. खिशात लाल-निळी पेन्सिल आणि काळ्या पुठ्ठ्याची डायरी. बसायचे तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर, कारण त्याच्यावर खिडकीचा उजेड पडत नव्हता. भारनियमनाचे दिवस होते, विमान हवेत असताना वीज जायची. पोरं बोंब मारून नदीवर पळायची. भाऊसाहेब काळ्या पडद्याकडं तोंड करून तसेच बसून राहायचे, दोन-दोन तास.

"जरा बाहेर वाऱ्याला बसा की, भाऊसाहेब."

"विमान सोडून?"

लुटारूंवर त्यांनी एकदाही गोळी झाडली नाही. त्यांच्या लेखी ते अतिक्रमण होतं. अतिक्रमण पोलीस बंदोबस्तात काढायचं असतं, ते तलाठ्यानं एकट्यानं करायचं काम नव्हे. लुटारू आला की ते विमान बाजूला घ्यायचे. पोरं मागून ओरडायची, "मारा की त्याला, भाऊसाहेब." ते विचारायचे, "त्याला नोटीस गेलीय का आधी?"

त्यांचा जीव होता पिशव्यांवर. खोऱ्यात एकेचाळीस घरं होती आणि ते एकही घर सोडत नसत. माणूस अंगणात येऊन हात वर करायचा तेव्हा भाऊसाहेबसुद्धा कीबोर्डवरचा उजवा हात उचलून त्याला हात करायचे. त्या क्षणी विमान डावीकडं कलायचं. दोन-तीनदा झाडावर आपटलं. तरी हात करायचा काही राहिला नाही.

एकदा मी विचारलं, एवढं काय आहे त्याच्यात?

"तलाठी आला की लोक घरात जातात," ते म्हणाले. "म्या बत्तीस वर्षं बंद दारं बघितली. आतनं बाई सांगायची, मालक घरी न्हाईत. मालकाच्या वाहाणा उंबऱ्यात. आन् हितं बघ. लांबनं आवाज आला की बाहेर."

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्या एकेचाळीस घरांतून बाहेर येणारा माणूस एकच होता. तोच निळा सदरा, तीच गोल टोपी, तोच उजवा हात. गेम करणाऱ्यानं एक माणूस काढला होता आणि एकेचाळीस घरांत तोच ठेवला होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पोरांनाही माहीत होतं. पण भाऊसाहेबांच्या डोळ्यांतल्या धुक्यात तो दर घरी वेगळा दिसायचा. "ह्याला दम लागतोय," म्हणायचे. किंवा, "हा मघाच्याचा धाकटा भाऊ असणार, तोंडावळा तोच हाय." डायरीत त्यांनी एकेचाळीस खातेदार लिहून काढले होते. 'ओढ्याकाठचा म्हातारा.' 'वळणावरचा, नवीन लग्न झालेला.' 'वरच्या आळीचा, तापट.' प्रत्येकाला एक ओळ.

कुणी बोललं नाही. बोलायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. आमची पोरं एकमेकांच्या तुटक्या चपलेवरसुद्धा दिवसभर हसणारी. पण या बाबतीत गप्प.

पूर्ण एक आठवडा पाहणी करून त्यांनी वरून आपल्या मुलींची जुनी पाटी आणली आणि पहिला आकडा लिहिला. भाग १, चौदा आणे.

"दोन आणे कशाचे कापले?" मी विचारलं.

"एकेचाळीस घरं, आन् एक कुत्रं न्हाई. असं गाव असतंय का?"

दुसरा भाग आला तेव्हा पोरं खूश होती. विमान मोठं, लुटारू जास्त, आवाज दुप्पट. भाऊसाहेब सहा दिवस बसले. मला म्हणाले, "दार उघडतंय. पर माणूस उंबऱ्यातच उभा ऱ्हातोय. पायरी उतरत न्हाई."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हंजे? आदी उतरत हुता."

दहा आणे.

तिसऱ्या भागात घरांना दारंच नव्हती. घराचं नुसतं चित्र डोंगराला चिकटवलेलं. पिशवी टाकली की छपरातून 'शंभर' असा आकडा निघायचा आणि आभाळात जाऊन विरायचा. शिवाय एका वळणावर नदी चढाला वाहत होती. ती भाऊसाहेबांनी तीन वेळा जाऊन बघितली. विमान वळवलं, खाली घेतलं, चष्मा काढला, घातला. "मला चढाला वाहताना दिसतीय," ते हळूच म्हणाले. "तुला?" मी घाईत होतो. "असेल," म्हणालो.

सात आणे. आठच्या खाली. टंचाई लागली की उपाययोजना करावी लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवऱ्याच्या बाजारातून एक माठ आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवला, वर पितळी फुलपात्र. "पिण्याच्या पाण्याची सोय आधी," म्हणाले. तो माठ नंतर कायमचा राहिला.

सिनेमे कसे आहेत ते त्यांनी कधी बघितलं नाही. पोरांनी विचारलं तर म्हणायचे, "सिनेमा माझ्या हद्दीत येत न्हाई."

हसायची गोष्ट वाटेल, पण पाटी चालायची. नवा गेम आला की उत्रोलीची पोरं सायकलवरून यायची ती आधी पाटी वाचायची. दुसरा भाग धडाकेबाज असला तरी चार दिवसांत कंटाळा येतो हे भाऊसाहेबांना आधी दिसायचं आणि पोरांना नंतर कळायचं. आमच्याकडं पोरं पहिल्या भागावर जास्त बसायची. बाकी गावांत काय चालायचं मला माहीत नाही.

चौथा भाग येणार होता त्या उन्हाळ्यात मी स्पर्धा ठेवली. हँडबिलं छापली, खाली माझं नाव आणि नावापुढं बी.कॉम. भोर, उत्रोली, शिवरे, पार वेल्ह्यापर्यंत वाटली. रविवारी सकाळी दहाला. आबांनी निरोप पाठवला होता, रविवारी येतो, बघतो काय चाललंय. मला त्यांना भरलेलं दुकान दाखवायचं होतं, दुसरं काही नको होतं.

सीडी पुण्याहून आली शुक्रवारी संध्याकाळी. पाटीवर चौथ्या भागाची जागा मोकळी. मी वर गेलो.

"भाऊसाहेब, उद्या आकडा पाहिजे."

"पाच दिवस लागतील."

"रविवारी स्पर्धा आहे."

"मग पुढच्या रविवारी घे. शेतात उतरल्याबिगर आकडा न्हाई."

मी खाली आलो. सीडीचं कव्हर बघितलं. कव्हरवर सुंदर गाव होतं, खाचरं, धूर, अंगणात माणसं. मी खडू घेतला आणि लिहिलं: भाग ४, बारा आणे.

शनिवारी अकराला भाऊसाहेब आले. पाटीला नाक लावून वाचलं.

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं."

"पाहिला?"

"कव्हर पाहिलं."

चपला काढल्या, तीन नंबरवर बसले. त्या दिवशी जेवायला वर गेले नाहीत, चाचींनी डबा खाली पाठवला. रविवारी सकाळी सातलाच परत आले. दहाला बाहेर तीस-पस्तीस पोरं, सायकलींची रांग, आणि आबा नुकतेच एसटीतून उतरून आलेले. भाऊसाहेब उठले, बाहेर आले, खांद्यावरच्या रुमालानं माझा आकडा पुसला आणि लिहिलं:

'भाग ४, पाच आणे. गाव नाही. नुसते ढग व लुटारू. पिशवी शेवटपर्यंत विमानातच राहते. यापूर्वीचा आकडा पाहणीविना लिहिला गेला, त्याबद्दल दिलगिरी.'

आणि खाली त्यांची स्वतःची सही.

पोरांनी वाचलं. एकेक सायकल नदीकडं वळली. स्पर्धेला नऊ पोरं उरली, त्यातली दोन आबांच्या शेजारी बाकावर बसून वाट बघत होती की कधी संपतंय. आबा माठातलं पाणी प्याले. "पाणी गार हाय," म्हणाले. दुकानाबद्दल ते एवढंच बोलले.

मग माझं डोकं फिरलं. पोरांदेखत, आबांदेखत मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्हाला दिसतं का तरी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि गावं कुठं गेली म्हणे. मीठ-साखर कळत नाही, आणि गेमला पाच आणे."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"ही हरकत हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. आहे."

"मग लेखी दे."

मी पण मागं हटलो नाही. शिकलेला माणूस. कागद घेतला आणि झोकात लिहिलं. 'पाहणी करणाऱ्यांची दृष्टी अधू असल्याने भाग एक ते चारचे सर्व आकडे मला अमान्य आहेत.' चौथ्यापुरतं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण वाक्य तसं जास्त वजनदार वाटलं.

त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, मग माझ्याकडं दिला. "अक्षर बारीक हाय. वाच."

मला ते त्यांच्यासमोर मोठ्यांदा वाचावं लागलं. ऐकून त्यांनी मान हलवली, कागदावर 'पोच' लिहिलं, तारीख घातली. "मुदतीत हाय," म्हणाले, आणि छत्री घेऊन वर गेले.

आबा निघताना म्हणाले, "म्हाताऱ्याला असं बोलायचं कॉलेजात शिकिवत्यात का?"

त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी स्वतः जाऊन ऑपरेशनची तारीख घेतली. चाची जिना उतरून दुकानात आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"दोन वर्षं मी सांगतीय," त्या म्हणाल्या. "पोरी सांगत्यात, डागदर सांगतोय. कुणाचं ऐकलं न्हाई. तुझा कागद आला आन् ऐकलं. आदीच का न्हाई रे लिवलास?"

पहिल्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा मी वर भेटायला गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण सुरुवात कशी करायची ते जमत नव्हतं. तेच बोलायला लागले. भिंतीकडं तोंड करून, पंचनामा सांगावा तसं.

"नदीला पाणी हुतं. गाव पलीकडं. होडी न्हवती. शिपाई म्हणला, हितनं हिरवं दिसतंय की, भाऊसाहेब. मलाबी हिरवं दिसलं. म्या काठावरनं नऊ आणे लिहिले. पाणी उतरल्यावर गेलो. लोंब्या उभ्या हुत्या. हातात घेतल्या तर आत दाणा न्हाई. नुसती टरफलं. आकडा तवर वर गेला हुता."

"मग?"

"मग मुदत हुती. हरकत घ्यायला पंधरा दिवस. कुणी घेतली न्हाई."

"का?"

"त्यांना म्हाईत न्हवतं घेता येती म्हणून. ते सांगायचं काम माझं हुतं." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "तू घेतलीस ते बरं केलंस. ह्या डोळ्यांनी बघितलं म्हंजे काठावरनंच बघितलं की. चारी आकडे काठावरचे निघाले तर पुसायचे. फेरपाहणी करू."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं मी काय करून ठेवलं होतं ते. चौथा, तिसरा, दुसरा, त्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण पहिला भाग. एकेचाळीस खातेदार. खाली येऊन मी पहिल्या भागाची सीडी काढली आणि खणात, बिलांच्या वह्यांखाली ठेवली.

दुसरा डोळाही झाला. दीड महिन्यानं ते खाली आले. नवा चष्मा, पातळ काचांचा. दारात थांबून त्यांनी दुकान बघितलं. "हितं भिंत हिरवी हाय व्हय?" म्हणाले. मग माझ्या प्रमाणपत्राजवळ गेले, सगळं वाचलं, शिक्क्यापर्यंत. "दुसरा वर्ग," म्हणाले. पाच वर्षं ते भिंतीवर होतं, पण इतक्या जवळून कुणी वाचलं नव्हतं.

फेरपाहणी उलटी सुरू झाली. चौथ्या भागात त्यांना दिसलं की ढगसुद्धा तेच तेच फिरून येतात. पाचाचे चार झाले. तिसऱ्यात नदी खरोखर चढाला वाहत होती. "म्या म्हणलं डोळ्याचा दोष असंल," ते म्हणाले, आणि बरंच हलकं झाल्यासारखे दिसले. सहा. दुसऱ्याचे नऊ. आकडा वर गेला नाही म्हणून प्रत्येक वेळी पाटीवर 'हरकत फेटाळली' असं लिहून मला दाखवायचे, माझी सही घ्यायचे. पोरं मला चिडवायची, "बी.कॉम., अजून एक अर्ज करा की."

मग त्यांनी पहिला भाग मागितला.

"त्याची सीडी खराब झालीय," मी म्हणालो. "ओरखडे पडलेत."

त्यांनी हात पुढं केला. "दाखव. आता दिसतंय मला."

मी खण उघडला. त्यांनी सीडी उजेडात धरली, फिरवली. "ओरखडा न्हाई," म्हणाले आणि मशीनकडं गेले. मागं पोरं होती, ती खेळायची थांबली.

खोरं आलं. खाचरं, नदी उताराला. पहिलं घर, ओढ्याकाठचा म्हातारा. पिशवी पडली, दार उघडलं, निळा सदरा, गोल टोपी, हात वर. भाऊसाहेबांनी हात केला, विमान कललं, सावरलं. दुसरं घर, वळणावरचा. निळा सदरा, गोल टोपी. हात वर.

या वेळी भाऊसाहेबांनी हात उचलला नाही. त्यांनी विमान वळवलं, पहिल्या घरी नेलं. मग परत दुसऱ्या. डायरी उघडली, पान बघितलं. खेळ तिथंच थांबवला.

"एकच हाय," ते म्हणाले.

माझ्याकडं वळले. "तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग ह्याच्यावर हरकत का न्हाई घेतलीस?"

मी उघडा खण लावून घेतला. त्यांनी पोरांकडं बघितलं. पोरं माठाकडं बघायला लागली. आम्ही सगळे का बोललो नाही ते त्यांना कळलं असावं, कारण पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

ते उठले, दारात गेले, पाटी काढून मांडीवर घेतली आणि पायरीवर बसले. बराच वेळ खडूचा आवाज आला नाही. मग आला. पाटी परत खिळ्याला लावून ते आत आले. मी बाहेर जाऊन वाचलं.

'भाग १, तेरा आणे. एक आणा कमी. शेरा: खातेदार एकच. सर्व घरी समक्ष हजर.'

आत ते तीन नंबरवर बसले होते. डायरी मिटून खिशात घातलेली. "किती झाली घरं?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"म्हंजे एकोणचाळीस ऱ्हायली."

विमान वरच्या आळीवर गेलं. पिशवी पडली. दार उघडलं, निळा सदरा पायऱ्या उतरून अंगणात आला, त्यानं हात वर केला. भाऊसाहेबांनी कीबोर्डवरचा उजवा हात उचलला आणि विमान डावीकडं कललं.